पत्र्यावर टकटक करून गाडी घेणाऱ्यांनो, जरा इकडे या

टूलरूमवाला (धागाकर्ता)

परवा आळंदीला साखरपुड्याला गेलो होतो. कार्यालयाबाहेर मेहुण्याची नवी कोरी गाडी उभी, हार घातलेली, आणि तिच्याभोवती सात-आठ काकामंडळी. एकाने बॉनेटवर टकटक केलं, दुसऱ्याने दारावर अंगठा दाबला, पत्रा पक्क करून आत गेला नि बाहेर आला, झालं, निकाल लागला. "पापड आहे हो पापड! आमच्या फियाटला बैल धडकला होता, बैल लंगडत गेला." सगळे हसले, मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. मी पण हसलो, कारण पंगत बसायची होती आणि वाद घालत बसलो असतो तर जिलबी संपली असती.

पण डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितोय. मी गेली १८ वर्षं चाकण पट्ट्यात प्रेस शॉपच्या टूलरूमला आहे. डायची, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याची, ट्रायल घेणं, फुटली की रात्री-अपरात्री जाऊन ती उभी करणं हे काम. मेटलर्जीवाला नाही, त्यामुळे कुठे चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

तर तुम्ही ज्याच्यावर टकटक करता तो गाडीचा सदरा आहे, हाडं आत आहेत. बाहेरचा पत्रा साधारण ०.६५ ते ०.८ मिमी, त्याचं काम चांगलं दिसणं, वारा कापणं आणि पाऊस अडवणं. तुमचा जीव वाचवतो तो आतला सांगाडा, म्हणजे काचेच्या बाजूचा ए-पिलर, ज्याला पुढचा सीटबेल्ट लटकतो तो बी-पिलर, पायाखालचा उंबरठा ज्याला आम्ही सिल म्हणतो तो, आणि दाराच्या पोटातला आडवा बीम. यातलं काहीही काकांच्या बोटाला लागत नाही.

आता पत्र्यापत्र्यात किती फरक असतो बघा. दाराला, बॉनेटला वापरतात तो साधा ड्रॉइंगचा पत्रा तुटायला साधारण ३०० मेगापास्कल ताण लागतो. म्हणजे एक चौरस मिलिमीटर जागा, काडेपेटीच्या काडीपेक्षाही बारीक, तिच्यावर ३० किलो टांगले की गेली. बी-पिलरचा जो हॉट स्टॅम्प केलेला, म्हणजे लाल करून साच्यातच थंड केलेला, पत्रा असतो तो १५०० मेगापास्कलचा, तेवढ्याच जागेवर १५० किलो. जाडी दोन्हीची जवळपास सारखी दिसेल तुम्हाला, टकटक केली तर आवाजातही फार फरक कळायचा नाही.

मधल्या पायऱ्या पण आहेत. ड्युअल फेज नावाचं स्टील येतं, ५९०, ७८०, ९८० अशा आकड्यांचं, त्यात मऊ लोखंडात मार्टेन्साइटचे कडक दाणे विखुरलेले असतात, साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाणे असावेत तसे. मऊ भाग वाकतो, कडक दाणे त्याला सहजी वाकू देत नाहीत, आणि जेवढा वाकतो तेवढा तो आणखी कडक होत जातो, धडकेत हेच पाहिजे असतं. पण आमच्या जिवाला घोर. पहिल्यांदा ९८० ची ट्रायल घेतली तेव्हा पार्ट डायमधून काढला की फुलासारखा उमलायचा, स्प्रिंगबॅक म्हणतात त्याला, मग डायच मुद्दाम उलटी वाकडी करायची म्हणजे पार्ट उमलून सरळ होईल. एका ब्रॅकेटसाठी आठ वेळा डाय घासलीये, नवव्या वेळी घरी जाऊन बायकोला म्हणालो नोकरी सोडतो.

हॉट स्टॅम्पिंगमध्ये ही भानगडच नाही. ब्लँक, म्हणजे मापात कापलेला पत्र्याचा तुकडा, आधी ९००-९५० डिग्रीच्या लांबच लांब भट्टीतून चार-पाच मिनिटं सरकत येतो, लालभडक झालेला, मऊ, रोबो तो उचलून पटकन डायमध्ये टाकतो, प्रेस खाली येते आणि डायच्या आत पाण्याचे मार्ग असतात त्यामुळे पार्ट दाबलेल्या अवस्थेतच काही सेकंदात थंड होतो. गावाकडे लोहार विळ्याला, कोयत्याला पाणी देतो ना, तेच. फरक इतकाच की लोहार पातं पाण्यात बुडवतो आणि इथे साचाच पाणी देतो. शिवाय पत्र्यात बोरॉन असतं, किती, तर दहा लाख भागांत जेमतेम तीस-चाळीस भाग. डाळीला हिंग लागतो त्याच्याहून कितीतरी कमी, पण तेवढ्यानेच स्टील पाणी नीट पितं.

आता बैलाच्या फियाटबद्दल. अमेरिकेत आयआयएचएस म्हणून विमा कंपन्यांची संस्था आहे, त्यांनी २००९ साली १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मालिबू समोरासमोर ठोकली, ताशी ६४ किमीला. बेल एअर म्हणजे नुसतं लोखंडाचं धूड. व्हिडिओ नेटवर आहे, बघा. जुन्या गाडीत स्टिअरिंग आणि दार ड्रायव्हरच्या अंगावर आलं, नवीच्या तोंडाचा चेंदामेंदा झाला पण माणूस बसतो ती पेटी शाबूत. जुनी गाडी वाचायची आणि माणूस जायचा, आता उलटं करायचं ठरवलंय एवढंच.

शंकासुर

लेख आवडला. पण मग मूर्ख प्रश्न, १५०० चं स्टील एवढं भारी आहे तर अख्खी गाडीच त्याची का नाही करत? की खर्च वाचवायला फक्त पिलरला लावतात आणि जाहिरातीत ढोल वाजवतात?

टूलरूमवाला

मूर्ख नाही, हाच खरा प्रश्न आहे. ताशी ६४ म्हणजे गाडी साधारण १६ मीटर उंचीवरून, पाच मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून नाकावर पडल्यासारखं आहे. ती सगळी ताकद कुठेतरी जिरवायला लागते. पुढचे जे दोन लांब दांडे असतात त्यांनी एकॉर्डियनसारख्या घड्या घालत मुडपायचं, म्हणजे तुमच्या छातीवर झटका हळू येतो. हॉट स्टॅम्प स्टील जेमतेम पाच-सहा टक्के ताणलं जातं आणि मग तडकतं, ते घड्या घालूच शकत नाही. म्हणून पुढे मुडपणारं, मधे न हलणारं. काही कंपन्या तर एकाच बी-पिलरचा वरचा भाग कडक आणि खालचा मुद्दाम मऊ ठेवतात, डायचा तेवढा भाग गरम ठेवून, म्हणजे बाजूने धडक बसली तर पिलर कमरेखाली मुडपेल, डोक्याशी आत येणार नाही.

दुसरं, ताकद आणि ताठपणा वेगळ्या गोष्टी आहेत. साधं स्टील घ्या नाहीतर १५०० चं, वाकून परत येण्याचा त्याचा गुण सारखाच, साधारण २१० गिगापास्कल. त्यामुळे स्टील भारी आहे म्हणून पत्रा अर्धा केला तर गाडी तुटणार नाही पण खडखडेल, लवलवेल. मग आकारातून ताठपणा आणतात, खाचा, उठाव, बंद पेटीसारखे सेक्शन.

आणि पापडाचं म्हणाल तर बाहेरच्या पत्र्यात पण हुशारी आहे. बेक हार्डनिंग म्हणून ग्रेड असतो, प्रेसमध्ये मऊ, नीट आकार घेतो, आणि रंगाच्या भट्टीत १७० डिग्रीला वीसेक मिनिटं गेला की अजून थोडा कडक होतो. म्हणजे काका बरोबरच बोलले, पापडच तो. भाजल्यावर कडक होणारा.

सातारी_कंदी

वा, म्हणजे कंपन्या पत्रा बारीक करत गेल्या आणि आम्ही त्याला इनोव्हेशन म्हणायचं. वजन कमी म्हणजे स्टील कमी म्हणजे त्यांचा खर्च कमी, एवढं सोपं आहे ते. बाकी सगळा मुलामा.

टूलरूमवाला

अर्धं मान्य. स्टीलवाले सुद्धा लोकांच्या प्रेमापोटी जागे झाले नाहीत, अॅल्युमिनियम गिऱ्हाईक पळवेल म्हणून जागे झाले. नव्वदच्या दशकात जगातल्या ३५ स्टील कंपन्यांनी मिळून अल्सॅब नावाचा प्रकल्प केला, इंजिनिअरिंग पोर्शेकडून करून घेतलं, १९९८ ला बॉडी दाखवली, २०३ किलोची, तेव्हाच्या सरासरी २७१ च्या तुलनेत २५ टक्के हलकी आणि वर जास्त ताठ. आज आमच्या प्रेसवर जे चालतं त्याची मुळं तिथे आहेत. आणि भारी ग्रेडचा पत्रा किलोला महाग असतो, डाय लवकर खातो, भट्टीला वीज-गॅस लागतो, त्यामुळे "बारीक म्हणजे स्वस्त" हे गणित सरळ बसत नाही.

पण आपल्याकडे कुणी मोजेपर्यंत कुणी फारसं मनावर घेतलं नाही हे खरंय. जानेवारी २०१४ ला ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या ठोकून सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या संस्थेने, भारतातल्या पाच गाड्या ठोकल्या, अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१०, पोलो, पाचही शून्य तारे. त्यातली पोलो आमच्या चाकणची. गंमत बघा, तिचा सांगाडा स्थिर राहिला होता तरी शून्य, कारण चाचणीतल्या त्या मॉडेलला एअरबॅगच नव्हत्या. त्याच पोलोची दोन एअरबॅगवाली ठोकली तर चार तारे. म्हणजे स्टील एकटं काही करत नाही, पेटी शाबूत राहिली तरी तुमचं डोकं आत कुठेतरी आपटणारच की. मग २०१८ च्या डिसेंबरात रांजणगावची नेक्सॉन पाच तारे घेऊन आली आणि तिथून लोक शोरूममध्ये तारे विचारायला लागले, सेल्सवाल्या पोरांना पाठ करायला लागलं.

मीनल_पाध्ये_नाही

मी आत्ता गाडी बघतेय म्हणून विचारते, शोरूममध्ये गेल्यावर मी नक्की काय विचारायचं? "बोरॉन आहे का" असं विचारलं तर तो मुलगा मला पाण्याची बाटली आणून देईल.

टूलरूमवाला

हाहा. बोरॉन नका विचारू. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे आपल्याकडची ताऱ्यांची चाचणी, सुरू झालीये, त्यांच्या साइटवर गाडीचं नाव टाका. मोठ्यांचे तारे आणि लहान मुलांचे तारे वेगळे असतात, दोन्ही बघा. ग्लोबल एनकॅपचा अहवाल असेल तर तारे राहू देत, "बॉडीशेल" समोर स्टेबल लिहिलंय की अनस्टेबल ते बघा, मला विचाराल तर ताऱ्यांपेक्षा तो एक शब्द जास्त बोलतो. अनस्टेबल म्हणजे पेटी आणखी मार झेलायच्या परिस्थितीत नाही.

आणि "सरकारी क्रॅश टेस्ट पास आहे मॅडम" यावर जाऊ नका. सक्तीची समोरची टेस्ट ताशी ५६ ला असते, ताऱ्यांची ६४ ला. आठच किमीचा फरक वाटतो पण ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, तीस टक्के जास्त मार. शिवाय भारत एनकॅपच्या चाचणीला गाडी द्यायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर, म्हणजे तारे नाहीत याचा अर्थ वाईटच असं नाही, पण विचारा की का नाही दिली. आणि मागच्या सीटवर बसलात तरी बेल्ट लावा. पेटी कितीही मजबूत असू दे, आत तुम्ही गोट्यांसारखे खुळखुळणार असाल तर आमच्या भट्टीचा काही उपयोग नाही.

उद्यमनगरचा_डेंटर

राम राम. मी कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतोय, वडिलांपासनं. पोरानं हा धागा दाखवला. साहेब, तुमी लिवलंय ते खरं हाय पर आमची गोची कुणी बगत न्हाई. नव्या गाडीचा पिलर आत आला की आमी काय करायचं? पयल्यांदा गॅसनं लाल करून ओढून बाहेर काढायचो, हातोडी-डॉलीनं बसवायचो, वरनं लांबी मारली की गिऱ्हाईक खूश. आता स्पॉट वेल्ड काढायला ड्रिल लावलं तर बिट निळं पडतंय, चार बिटं जाळली एका पिलरला. मग एकानं सांगितलं गरम कर, मऊ पडतंय. खरंच मऊ पडलं. बसवला, रंगवला, गाडी गेली बी. आता तुमी म्हणताय पानी दिल्यालं स्टील. मग माझ्या गॅसनं त्याचं पानी उतरलं की न्हाई?

टूलरूमवाला

दादा, खरं सांगू का, या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा आहे. उतरलं. कोयता चुलीत पडला की त्याचं पाणी उतरतं तसंच. मंद लाल झालं आणि हळू थंड झालं की १५०० चा पत्रा निम्म्याच्या आसपास येतो, दिसायला तोच, रंग तोच. पुढच्या वेळी त्या बाजूने धडक बसली तर तो पिलर ठरल्यासारखा वागणार नाही. हॉट स्टॅम्प पार्ट गरम करून सरळ करायचाच नसतो, कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये कुठे कापायचं त्या रेघा दिलेल्या असतात, तिथून कापून अख्खा पार्ट बदलायचा. स्पॉट काढायला कार्बाइडची खास बिटं मिळतात, महाग आहेत पण चार जाळण्यापेक्षा बरी.

तुमची चूक नाही यात. ती मॅन्युअलं तुमच्यापर्यंत कुणी पोचवत नाही.

उद्यमनगरचा_डेंटर

पोचवत न्हाईतच, आणि विम्याचा सर्वेअर येतोय तो बदलायला मंजुरी द्यायला नकार देतोय, म्हनतोय रिपेअर कर, पैसं कमी लागत्यात. पिलर बदलायचा म्हंजी छत खोलायचं, काच काढायची, आठ दिस गाडी थांबायची. गिऱ्हाईक म्हनतंय दोन दिसात द्या, लग्नाला जायचंय. मी एकटा न्हाई म्हनलो तर शेजारचा करतोयच की.

खोपोलीचा_पाऊस

मी घाटात अपघात झाला की धावणाऱ्या मंडळींबरोबर असतो, स्वयंसेवक. हे पिलर कडक झाले त्याचा आम्हाला वेगळाच अनुभव. आमच्याकडे जुना हायड्रॉलिक कटर होता, आधीच्या गाड्यांचा पिलर ऊस कापल्यासारखा कापायचा. एका रात्री एका नव्या गाडीच्या बी-पिलरला लावला तर पातं आत जाईचना, कटरच वाकडा व्हायला लागला आणि आत माणूस कण्हतोय. शेवटी बिजागऱ्यांकडून दार सोडवलं, वर छताच्या कडेला कापलं, वीस मिनिटं जास्त गेली. नंतर एका ट्रेनिंगमध्ये कळलं की मजबुतीच्या मधोमध जायचंच नाही, वर किंवा खाली जायचं, आणि कापायच्या आधी आतली ट्रिम ओढून बघायची कारण कर्टन एअरबॅगची (खिडकीवर पडद्यासारखी उघडते ती) गॅसची नळी तिथेच कुठेतरी असते. युरोपात प्रत्येक गाडीचा नकाशा मिळतो, कुठे कापा कुठे कापू नका, युरो रेस्क्यू नावाचं अॅपच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या त्यात नाहीत.

तक्रार नाही ही. त्याच रात्री तो माणूस जिवंत होता म्हणून तर कण्हत होता. पूर्वी बहुतेक वेळा आम्हाला घाई करायची गरजच पडायची नाही.

मीनल_पाध्ये_नाही

शेवटचं वाक्य वाचून थांबले जरा.

उत्तरध्रुव

उशिरा आले धाग्यावर. मी पुण्यातून मेटलर्जी केलं आणि आता स्वीडनच्या पार उत्तरेला लुलेओ नावाच्या गावात असते, आत्ता दुपारी तीनला बाहेर काळोख आहे. टूलरूमवाल्यांना एक गंमत सांगते, तुमचं ते हॉट स्टॅम्पिंग याच भागातलं. सत्तरच्या दशकात प्लान्या नावाच्या इथल्या कंपनीने पेटंट घेतलं, कशासाठी, तर करवतीची आणि गवत कापायच्या यंत्राची पाती! गाडीत ते पहिल्यांदा गेलं १९८४ मध्ये, साब ९००० या गाडीला. मग व्होल्वोने उचललं. त्यामुळे तुमचं विळ्याचं उदाहरण उपमा म्हणून नाही तर शब्दशः बरोबर आहे.

आणि याच गावात आता दुसरी गोष्ट चाललीये. लोखंडाच्या खनिजातला ऑक्सिजन काढायला शेकडो वर्षं कोळसा, कोक वापरतात, कोळशातला कार्बन ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. हायब्रिट प्रकल्पात कार्बनऐवजी हायड्रोजन वापरतात, तो ऑक्सिजन घेऊन पाणी होतो, वाफ. स्टीलवाली एसएसएबी, खाणवाली एलकेएबी आणि वीजवाली वाटनफॉल अशा तिघी मिळून करतात, २०२० ला इथे पायलट प्लांट सुरू झाला, ऑगस्ट २०२१ ला पहिलं स्टील व्होल्वो ग्रुपला गेलं. मी लांबून बघितलाय, बाहेरून काहीच नाही, एक उंच इमारत आणि पाइप.

आता लगेच "भारतात का नाही" म्हणू नका. इथे नद्यांवरची वीज मुबलक, खनिज शेजारी, माणसं थोडी. हायड्रोजन बनवायला प्रचंड वीज लागते आणि ती वीज कोळशाची असेल तर सगळं मुसळ केरात. आपल्याकडे एक टन स्टीलमागे अडीच टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो, जगाची सरासरी दोनच्या जरा खाली. स्पंज आयर्न, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेलं लोखंड, आपण जगात सगळ्यात जास्त बनवतो पण त्यातलं बरंचसं कोळशावर. नैसर्गिक वायूवरचा प्लांट आपल्या पेणजवळ डोलवीला मात्र नव्वदच्या दशकापासून आहे, त्याच जातीच्या भट्टीत वायूऐवजी हायड्रोजन घालायचा ही पुढची पायरी. डिसेंबर २०२४ ला पोलाद मंत्रालयाने ग्रीन स्टीलची व्याख्या काढली, टनाला २.२ टनाच्या खाली असेल तर ग्रीन, १.६ च्या खाली गेलं तर पाच तारे. स्टीलला पण तारे आले बघा.

सातारी_कंदी

२.२ ला ग्रीन म्हणायचं? जगाची सरासरीच दोनच्या खाली म्हणताय ना तुम्ही! म्हणजे नापास मुलाला पस्तीस मार्कांचा पेपर वीसवर आणून पास केलं.

उत्तरध्रुव

हो, तसंच आहे, आणि तुमचा प्रतिसाद मी ऑफिसमधल्या भारतीयांना वाचून दाखवला. बाजू एवढीच की शाळेत यायलाच तयार नव्हते त्यांना आधी हजेरीपटावर घेतलं. दर तीन वर्षांनी तो आकडा तपासणार आहेत.

टूलरूमवाला

ताई, भारी माहिती. मी एक हिशोब मांडून बघितला, चुकला तर सांगा. मध्यम गाडीत समजा ६०० किलो स्टील, टनाला अडीच टन धरले तर दीड टन कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो. म्हणजे साडेसहाशे लिटर पेट्रोल, १८ चं अॅव्हरेज धरलं तर पावणेबारा हजार किलोमीटर. गाडी शोरूमच्या फुलांच्या हारातच एक वर्ष चालून आलेली असते म्हणायचं.

आणि हे कमी धरलंय, कारण कॉइलमधला १०० किलो पत्रा घेतला तर गाडीत साठेक किलोच जातो, बाकी कात्रण. दाराच्या खिडकीचं जे भोक असतं ना, तो पत्रा आम्ही विकत घेतलेला असतो. आमच्याकडे नेस्टिंगवाला एक पोरगा आहे, ब्लँक असे फिरवून बसवतो की पोळ्या लाटून उरलेल्या कणकेचा पण गोळा होईल. त्याने एका पार्टमध्ये चार टक्के वाचवले त्याचं कुणी कौतुक केलं नाही, कंपनीच्या गेटवर झाडं लावली त्याचा मात्र फोटो फ्लेक्सवर. असो.

शंकासुर

मग अॅल्युमिनियमची गाडी घ्या की, हलकी पण आणि गंजणार पण नाही.

उत्तरध्रुव

अॅल्युमिनियम खनिजातून काढताना टनामागे स्टीलच्या कितीतरी पट कार्बन जातो, कोळशाच्या विजेवर तर विचारूच नका. गाडी हलकी होऊन पेट्रोल वाचतं ते खरं, पण ते आधीचं कर्ज फिटेपर्यंत बरंच चालवायला लागते. भंगारातून केलेलं अॅल्युमिनियम मात्र कार्बनच्या हिशोबात फार स्वस्तात पडतं. भंगारावरून आठवलं, स्टीलच्या भंगाराबद्दल कुणी बोललंच नाही अजून.

जालनेकर

बोलतो ना. आमच्या इकडं जालन्यात रोलिंग मिल लै, इंडक्शन भट्टीत भंगार वितळवायचं आणि सळई काढायची. सगळ्या महाराष्ट्रातलं भंगार आमच्याकडं येऊ लागलं, त्यात गाड्या पण. लोकांना वाटतं जुनी गाडी वितळली की नवी गाडी होते. नाही होत बरं का. जुन्या गाडीची सळई होते आणि ती तुमच्या स्लॅबमध्ये जाऊन बसते, कायमची.

कारण तांबं. गाडीत वायरिंग, मोटरी, अल्टरनेटर, हे सगळं दाबून गठ्ठा केला की तांबं लोखंडात मिसळतं आणि एकदा मिसळलं की भट्टीत काही केल्या निघत नाही. गाडीच्या पत्र्याला ०.०६ टक्क्याच्या वर तांबं चालत नाही, रोल करताना गरम पत्र्याला भेगा जातात. सळईला ०.४ पर्यंत चालून जातं. म्हणून तुमच्या प्रेस शॉपचं जे कात्रण आहे ना, ते आमच्या धंद्यात सोनं, एकदम स्वच्छ, भाव वेगळाच. आणि जुनी गाडी म्हणजे खिचडी.

आता परदेशात मोठाले श्रेडर, गाडी टाकली की तुकडे, मग चुंबकानं लोखंड वेगळं. पण तुकड्यात गुंडाळलेली तार चुंबकाला काय कळते? आमच्या कुर्ल्याच्या पोरांना कळते. ते हातानं एकेक वायर ओढून काढतात कारण तांब्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट. पर्यावरणासाठी नाही काढत, पोटासाठी काढतात, पण काम श्रेडरपेक्षा साफ होतं. फक्त वायर जाळून तांबं काढतात तो धूर त्यांच्याच छातीत जातो, ते थांबायला पाहिजे. १ एप्रिल २०२५ पासून जुन्या गाड्यांचे नवे नियम आलेत, गाडी बनवणाऱ्या कंपनीवर पण जबाबदारी टाकलीय, नोंदणीवाल्या स्क्रॅप सेंटरचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. पाहू. सध्या तरी बऱ्याच गाड्या अंधारातच जातात.

उत्तरध्रुव

जालनेकर, हे मला इथल्या कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. हाताने सोडवलेलं भंगार स्वच्छ असतं हे बरोबर. ईव्हीत तर तांबं अजून जास्त, म्हणजे वीस वर्षांनी तुमची खिचडी आणखी मसालेदार.

टूलरूमवाला

ईव्हीवरून आठवलं, लोकांना वाटतं इंजिन गेलं म्हणजे आमचं काम हलकं झालं. उलट आहे. बॅटरी पायाखाली, काही शे किलोची, आणि बाजूने खांबावर गाडी आदळली तर तिला जागाच नाही चिरडायला. खांबाच्या टेस्टला ताशी २९ च असतात पण सगळा मार एका पट्टीवर येतो. त्यामुळे सिलच्या आत आता जे सेक्शन येतायत ते बघून मला माझी ९८० वाली ब्रॅकेट गोड वाटायला लागलीये.

उद्यमनगरचा_डेंटर

साहेब, परत आलो. तुमचं वाचून झोप लागंना. काल भंगारातनं एका नव्या गाडीचा बी-पिलर आणला, कटिंग व्हीलनं मधनं दोन तुकडं केलं. एक तसाच ठेवला. दुसरा गॅसनं मंद लाल केला आणि भिताडाला टेकून आपोआप गार होऊ दिला. मग दोन्हीला सारखंच नवं बिट लावलं. तसाच ठेवलेला, त्याच्यावर बिट किंचाळलं, निळं पडलं, नुसता डाग उटला. गरम केल्याला लोण्यावानी भोक पडलं, गोल, छान. पोरगं बगतच राहिलं. म्या बी.

आता दोन्ही तुकडं दुकानात दाराशी तारंनं टांगल्यात. गिऱ्हाईक म्हनलं दोन दिसात गरम करून सरळ करून द्या, की बिट हातात देतो आणि म्हनतो, घ्या, दोन्हीवर मारून बगा, कंचं पायजे ते सांगा. काल एकजण गप पार्ट बदलायला तयार झाला. सर्वेअर शुक्रवारी येणार हाय, त्येच्या हातात बी देणार.

टूलरूमवाला

फोटो टाका दादा, पाया पडतो. साखरपुड्यातल्या काकांना पाठवायचाय.

उद्यमनगरचा_डेंटर

चढंना झालाय फोटो. पोरगं शाळेतनं आलं की सांगतो त्याला.